कान असलेलं भांडं लेथवर फिरेल का?

संपादक महोदय,

प्राचीन इजिप्तच्या दगडी भांड्यांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘एवढी गोलाई यंत्राशिवाय अशक्य’ असं म्हटलं आहे. पण सोबत छापलेल्या भांड्याच्या दोन्ही खांद्यांना दोरी ओवायचे कान आहेत! हे कान मागाहून चिकटवलेले नसतात, भांड्याच्याच दगडातून कोरलेले असतात. लेथवर, म्हणजे वस्तू गरगर फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, चढवलं असतं तर पहिल्याच फेऱ्यात ते उडाले असते. दोन कानांमधला भाग हातानेच घासावा लागतो.

खरं कसब आतल्या पोकळीत आहे. आधी बाहेरचा आकार घडवत, पोखरणं नंतर. इजिप्तमधल्या सक्काऱ्याला मेरेरुका या वजिराच्या थडग्याच्या भिंतीवर पोखरायचं गिरमिट कोरलेलंच आहे: लाकडी दांडा, वर तिरकी मूठ, मुठीखाली वजनासाठी बांधलेले दगड. सुताराच्या सामत्यासारखी कमान त्याला नाही. हातानेच उलटसुलट वळवायचं. चित्रलिपीत ‘कारागिरी’ या शब्दासाठी हेच गिरमिट काढत. खाली तांब्याची नळी लावून वाळू टाकली की गोल चर पडतो आणि मधला गाभा ठोकून तोडता येतो. 1 ते 10 च्या मोहस् मोजपट्टीवर तांब्याची कठिणता सुमारे 3, वाळूतल्या क्वार्ट्झची 7. म्हणजे कापते ती वाळू, आणि नळी झिजत जाते.

तोंड अरुंद आणि पोट फुगीर असेल तर पंचाईत. तिथे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, कंबरेत बारीक दगड उभा आत सोडून आडवा करत आणि दांड्याच्या बेचक्यात कंबर अडकवून फिरवत. पोट रुंदावेल तसा आणखी लांब दगड. आतलं दिसत नाही, त्यामुळे खांद्यापाशी जाडीचा अंदाज चुकला की भांडं फुटलंच. वाळूच्या आडव्या रेघा अशा भांड्यांच्या आत राहून जातात. रुंद तोंडाच्या वाडग्यात मात्र त्या घासून काढता येतात.

आणखी एक दुरुस्ती. लेखातलं ‘अलाबास्टर’ म्हणजे जिप्सम नव्हे. हतनूबसारख्या खाणींतला हा दगड कॅल्साइट आहे. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो, यावर नाही. पण लिंबू किंवा व्हिनेगर याला खातं, म्हणून संग्रहालयात आम्लाचा थेंबही जवळ येऊ देत नाहीत.

झोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली (इ.स.पू. सुमारे 2650) अशी जवळपास 40,000 भांडी निघाली. कित्येकांवर त्याच्या आधीच्या राजवंशांतल्या राजांची नावं आहेत.

पुढच्या वेळी भांड्याच्या आतलं, बाजूने उजेड टाकून काढलेलं छायाचित्र छापावं. रेघा वाचकांनाच दिसतील.

– एक वाचक, पुणे