व्होल्ट नेमका कुठे हरवतोय

कोल्हापूर

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, गाडीतल्या लायटरच्या सॉकेटात खोचलेला मीटर रात्री इंजिन चालू असतानाही 12.7 व्होल्ट दाखवतो आणि तिथला मेकॅनिक अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनामो, बदलायला सांगतोय. तुझा आवाज तुटत होता, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो. हे वाचून, मोजून होईपर्यंत अल्टरनेटर घेऊ नकोस.

हीच चूक मी केली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा आपली मारुती 800 दोन दिवस पाण्यात उभी होती. गालिचे वाळवले, ऑइल बदललं आणि गाडी सुटली असं मी धरून चाललो. पुढच्या पावसाळ्यात गगनबावड्याहून येताना दिवे इतके पिवळे पडले की रस्त्याची कड दिसेना. शेजारी तुझी आई होती. त्या रात्रीची भीती अजून गेलेली नाही. आल्यावर एका दुकानातून नवी बॅटरी घेतली, महिन्याने अल्टरनेटर. दिवे तसेच. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मल्टीमीटर लावून दहा मिनिटांत दोष दाखवला. इंजिनाची अर्थची पट्टी, म्हणजे इंजिनाला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी जाड वायर, थिंबलच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) आतून हिरवी होऊन सडली होती. वरून ती धडधाकट दिसत होती.

तुझ्या सॉकेटातला 12.7 हा सॉकेटापाशी उरलेला आकडा आहे. बॅटरीपासून तिथवर करंट फ्यूज, इग्निशन स्विच आणि चार-पाच जोडण्यांतून जातो, परतीला बॉडीतून येतो. वाटेत कुठेही गंज असला की थोडे व्होल्ट तिथेच खर्च होतात. दोन्ही हेडलाइटचे मिळून साधारण 10 अँपिअर धर. जोडणीत 0.1 ओहम अडथळा असेल तर तिथेच 1 व्होल्ट गेला. एवढा बारीक ओहम आपल्या साध्या मीटरला धड मोजता येत नाही. दहा तारांतली एकच शाबूत असली तरी मीटर 'ठीक' म्हणतो. म्हणून वायर ओहममध्ये तपासू नकोस, लोड, म्हणजे दिवे वगैरे, चालू ठेवून व्होल्ट मोज. आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं तर बल्बचा उजेड सुमारे तीस टक्के पडतो, म्हणून हा एक व्होल्ट किरकोळ समजू नकोस.

सकाळी गाडी चालू करण्याआधी मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर (खुंटावर) टेकव, त्याला आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नको. 12.6 च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे अर्धी. मैत्रिणीला सेल्फ मारायला सांग. आकडा 10 च्या खाली जाता कामा नये. मग इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, थोडी रेस. पोस्टवर 13.8 ते 14.4 मिळाले तर अल्टरनेटर निर्दोष आहे, त्या मेकॅनिकला नम्रपणे नाही सांग. पोस्टवरच कमी असेल तर आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे का बघ, आणि अल्टरनेटरच्या जाड वायरच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोज.

मला शंका अर्थचीच आहे. इंजिन आणि सगळे दिवे चालू ठेवून एक पिन बॅटरीच्या मायनस पोस्टवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धर. नंतर तीच दुसरी पिन बॉडीवर, मग सॉकेटाच्या अर्थवर. 0.2 पेक्षा जास्त दिसलं की दोष त्याच टप्प्यात. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली, तर सेल्फचा करंट परतीला तिथून वाट काढतोय आणि इंजिनाची अर्थ गेली आहे हे नक्की.

सापडलं की आधी मायनस काढ. जोडताना तो सगळ्यात शेवटी. थिंबल आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास, नट आवळ, वरून व्हॅसलिन लाव. पोस्टवरची पांढरी पूड खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन टाक, पण बॅटरीच्या टोपणातून ते पाणी आत जाऊ देऊ नकोस.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुणी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासू म्हणालं तर करू देऊ नकोस. व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात अल्टरनेटरमधले रेग्युलेटर आणि डायोड जातात, मग खरंच नवा घ्यावा लागतो.

आकडे कागदावर लिहून रविवारी फोन कर. तोवर रात्रीची गाडी काढू नकोस, एसटीने जा. जुनी अर्थची पट्टी मी इथं मोजून ठेवली आहे. तुझी सडलेली निघाली तर त्याच मापाची, पण जाड, करून आईसोबत पाठवतो.

तुझे,
बाबा