यंत्र उपलब्ध आहे, आमचे बुवा नाहीत : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

काल तुमच्या आरोग्य खात्याच्या तक्रार पोर्टलवरून मोबाइलवर मेसेज आला. आमच्या बुवाच्या मृत्यूबद्दलची आमची तक्रार निकाली काढलेली आहे. उत्तर उघडून पाहिलं तर जेमतेम तीन ओळी. रुग्णालयात ईसीजी यंत्र उपलब्ध असून ते चालू स्थितीत आहे, रुग्णास तपासून पुढील उपचारासाठी वेळेत संदर्भित करण्यात आले, सबब तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. खाली सही नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. ज्याच्यासाठी आम्ही तक्रार केली त्याचंही नाव नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

तो आमच्या भजनी मंडळाचा बुवा. सगळं गाव त्याला बुवाच म्हणायचं. मी शाळेपासूनचा सोबती, म्हणून अरे-तुरे करायचो. तो पेटीवर आणि मी पखवाजावर, असं आमचं अर्धं आयुष्य गेलं. दिवसा पंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचा, रात्री भजन. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवाने टोमणा मारला की हा पेटीवरची बोटं न थांबवता जागच्या जागी चार ओळी जुळवून असं उत्तर द्यायचा की मंडपातल्या म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बारी संपली की त्याच बुवाला स्कूटरवर मागे बसवून घरी जेवायला घेऊन यायचा. कुणाच्या घरी मयत झाली की लाकडं फोडायला हा पहिला, आणि बाराव्याला त्या घरच्या पोरांना हसवणाराही हाच. पंचावन्न वर्षांचा होता. ना साखर, ना प्रेशर.

चतुर्थीत आमच्याकडे घरोघर भजनं असतात. त्या रात्री तिसऱ्या घरी आम्ही बसलो होतो. गजर रंगात आला आणि पेटीचा आवाज बसायला लागला. पाहिलं तर उजवा हात पट्ट्यांवर चालू होता, पण डावा हात भात्यावरून खाली सरकला होता. खांद्यावरच्या पंच्याने तो घाम पुसत होता, पंचा भिजून गेला तरी घाम थांबेना. मी हात थांबवला तर म्हणाला, "काय नाय रे, हात भरून इलो. तू ठेको सोडू नको." पुढचं कडवं त्याने नुसत्या आवाजावर म्हटलं. मग भिंतीला टेकला.

मंत्रिमहोदय, तुमच्या त्या तीन ओळींत जे आलेलं नाही ते आता वाचा. आम्ही त्याला पंधरा-वीस मिनिटांत सरकारी रुग्णालयात नेलं. एक सिस्टर होती. डॉक्टर एकच, ते अडलेल्या बाळंतिणीपाशी. ईसीजी काढणाऱ्या माणसाची जागा कित्येक महिने रिकामी. त्या सिस्टरनेच धावपळ करून छातीला वायरी लावल्या, कागद काढला. हो, यंत्र होतं. तो कागद हातात धरून ती लेबर रूमच्या दाराशी गेली आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत तिथेच उभी राहिली, कारण तो कागद वाचणारं दुसरं कुणी त्या इमारतीत नव्हतं. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, मोठा अटॅक आहे, बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रुग्णालयात नव्हतं. 108 नंबरची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन आधीच गोव्याला गेलेली. शेवटी शेजाऱ्याची व्हॅन काढली. मागच्या सीटवर वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बांदा सोडलं आणि त्याने वहिनींचा धरलेला हात सैल पडला.

गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या पलीकडे जे पहिलं सरकारी रुग्णालय लागलं तिथे आम्ही गाडी वळवली. तिथल्या तरुण डॉक्टरने तपासलं, मान हलवली. मग वहिनींच्या मुठीतला ईसीजीचा कागद उलगडून पाहिला आणि विचारलं, "इंजेक्शन दिलं नव्हतं का?" आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

हा प्रश्न मी तुम्हाला विचारतो. इंजेक्शन का दिलं नव्हतं?

हृदयविकाराच्या रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांत निघून वाचला गेला पाहिजे. अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांच्या आत आवाक्यात नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध आहे तिथेच द्यायचं आणि मग रुग्ण पुढे पाठवायचा. पहिल्या तासात त्याचा सर्वांत जास्त उपयोग. हे काही अमेरिकेतलं गुपित नाही. आमच्या शेजारच्या गोव्याने डिसेंबर 2018 मध्ये हीच योजना सुरू केली. लहान सरकारी रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो लगेच हृदयरोगतज्ज्ञाला पाठवायचा, त्याने सांगितलं की गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेसचं इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत टोचायचं आणि रुग्ण गोवा मेडिकल कॉलेजकडे रवाना करायचा. आमच्या वाडीतून दिसणाऱ्या डोंगराच्या त्या बाजूला हे होतं. या बाजूला आम्हाला यंत्र उपलब्ध असल्याचं लेखी मिळतं!

आणि वर्षानुवर्षं आम्ही बांबोळीच्या जिवावर जगतो आहोत. जानेवारी 2018 पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा आमच्याकडच्या पुढाऱ्यांनी केवढा आरडाओरडा केला. अहो, ते त्यांच्या लोकांच्या पैशाने चालवतात. तुम्ही आमच्या पैशाने काय चालवलंत? सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. 2021 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं. तरी आजही रात्री छातीत दुखलं की इथल्या माणसाच्या तोंडात पहिलं नाव बांबोळीचं येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांच्या जाहिराती तुम्ही एसटी स्टँडवर लावल्यात. ते पाच लाख वापरायला माणूस रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचायला हवा.

108 ची सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांवर सुरू झाली. 2011 च्या जनगणनेची सव्वाअकरा कोटी लोकसंख्या धरली तर एक लाख वीस हजार माणसांमागे एक गाडी. त्यातली एक आमच्या वाट्याची, आणि ती गोव्याला गेली की परत येईपर्यंत सगळा टापू उघडा. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी 2020 पर्यंत अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर घालावा. 2020 कधीच उलटलं. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. देशात सर्वांत श्रीमंत राज्य म्हणून भाषणं मात्र ऐकायला मिळतात.

पैसा नाही हे मला सांगू नका. मालवणला राजकोटवर 4 डिसेंबर 2023 ला महाराजांचा पुतळा उभा केलात, 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला, आणि नवीन पुतळ्याचं टेंडर निघायला वेळ लागला नाही. महाराजांचा पुतळा व्हावाच, आम्हालाही हवा. पण जी घाई तिथे जमते ती ईसीजी काढणाऱ्या एका माणसाची जागा भरायला का जमत नाही? चतुर्थीला चाकरमान्यांसाठी जादा गाड्या, टोलमाफी, गावोगावी तुमच्या फोटोंचे बॅनर. बुवाच्या डबलबारीच्या मंडपातही तुमच्या पक्षाचा बॅनर होता. मत मागायला आलात तेव्हा आमच्याच देवळासमोर उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, हृदयरोगासाठी आता कुणाला गोव्याला जावं लागणार नाही. बुवाने त्या सभेआधी तासभर भजन केलं होतं. मी साथीला होतो, मला तुमचा शब्द न् शब्द ऐकू आला.

रुग्णालयाचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तुम्ही चौकशी लावाल आणि नोटीस त्या सिस्टरला निघेल. हे आम्ही पाहिलेलं आहे. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 6 नोव्हेंबर 2021 ला आग लागून अकरा माणसं गेली, अटक झाली ती एका डॉक्टरबाईंना आणि नर्सना. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं. तेव्हा एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. रिकाम्या जागा, संपलेली औषधं, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबवलेली माणसं, याबद्दल वरच्या मजल्यावरच्या कुणाला कधी नोटीस गेली? आमच्या त्या सिस्टरने त्या रात्री जे केलं ते तुमच्या आख्ख्या खात्याने केलं नाही. तिला हात लावलात तर सगळा गाव रस्त्यावर येईल.

मंडळातली पोरं मला विचारतात, आता पुढच्या बाऱ्या घ्यायच्या का? पेटीवर कोण? मला सांगता येत नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या श्वासावर ठेका धरला, त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवून वाजवायला माझे हात उठत नाहीत. वहिनींनी मोटारींचं अर्धं राहिलेलं काम लोकांना परत केलं, घेतलेले आगाऊ पैसेही मोजून परत केले. पोर्टलवरचं उत्तर त्यांना कसं वाचून दाखवू तेवढं सांगा.

आमची तक्रार पुन्हा उघडा. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रात्रीही ईसीजी काढणारा माणूस, तो लगेच वाचणारा तज्ज्ञ फोनवर, ते इंजेक्शन कपाटात आणि दुसरी 108 ची गाडी दाराशी, हे कधी होणार त्याची तारीख लिहून द्या. आणि यावेळी उत्तराखाली सही करा. ते आम्ही देवळाच्या फळ्यावर लावणार आहोत.

आपला,
बुवाचा पखवाजवाला
जिल्हा सिंधुदुर्ग