तुटलेला स्क्रू कचऱ्यात टाकू नका

महोदय,

दातांच्या इम्प्लांटच्या जाहिरातींत ‘आयुष्यभराची खात्री’ हे शब्द हल्ली सर्रास दिसतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेलं दाताचं कृत्रिम मूळ; त्यावरची कॅप बहुधा छोट्या स्क्रूनं धरलेली असते. हाडात बसलेलं टायटॅनियम वर्षानुवर्षं टिकतं हे खरंच आहे. ब्रॅनेमार्क या स्वीडिश डॉक्टरांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९६५ साली पहिल्या रुग्णाला ते बसवलं, तेव्हापासूनचा अनुभव तेच सांगतो. पण इम्प्लांटचे भाग मोडतातही, आणि मोडलेला तुकडा थेट कचऱ्यात जातो. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

माझी सगळी नोकरी फोर्जिंग कारखान्याच्या धातुपरीक्षण विभागात झाली. क्रँकशाफ्ट तुटून आला की तुटलेल्या तोंडाला कुणी बोट लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. गेल्या पावसाळ्यात माझ्या खालच्या दाढेची कॅप अर्ध्या स्क्रूसकट हातात आली. दवाखान्यात पहिलंच वाक्य ऐकलं, ‘काका, काहीतरी कडक चावलं असणार.’ आत अडकलेला अर्धा स्क्रू डॉक्टरांनी अल्ट्रासॉनिकच्या टोकानं हळूहळू उलटा फिरवत काढला. त्यांच्या हाताला मानलं पाहिजे. पण तो कापसाबरोबर टाकायला निघाले, तेव्हा मी मागून घेतला.

जुन्या सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेत तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चीर आट्याच्या खाचेत, एकाच बाजूला सुरू झालेली. तिथून आत सरकत गेलेल्या कमानदार रेषा, आणि पलीकडच्या कडेला खडबडीत चिंचोळा पट्टा, जिथे उरलासुरला धातू एकदम तुटला. हा फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या भारानं हळूहळू वाढत गेलेली चीर. एका घासाला तुटलेल्या स्क्रूवर अशा रेषा उमटत नाहीत.

स्क्रू ठरलेल्या टॉर्कनं, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोरानं, आवळला (बऱ्याच कंपन्यांचा आकडा ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असतो) की तो किंचित ताणला जातो आणि सांधा दाबून धरतो. तो ताण गेला की प्रत्येक घासाला सांधा उघडतो आणि स्क्रू वाकतो. ताण का गेला, याची कारणं अनेक: टॉर्क रेंच न वापरणं, दुसऱ्याच कंपनीचा स्क्रू, कॅपचा बाहेर आलेला भाग, झोपेत दात खाण्याची सवय. भोवतालचं हाड झिजलं तर वाकण्याचा भार आणखी वाढतो. आयएसओ १४८०१ या चाचणीत म्हणूनच इम्प्लांट ३० अंशांत तिरका धरून, ३ मिलिमीटर हाड गेलंय असं मानून, लाखो वेळा दाबतात. उत्पादकांना हा धोका पक्का माहीत आहे. रुग्णाला मात्र ‘कडक चावलं’ एवढंच ऐकवलं जातं.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडाची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. दंतवैद्यांनी अशी प्रत्येक मोडतोड तिथे कळवावी. इम्प्लांट बसवतानाच कंपनी, व्यास, लॉट नंबर आणि टॉर्क लिहिलेलं कार्ड रुग्णाला द्यावं. भाग तुटलाच, तर दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कोरड्या बाटल्यांत ठेवावेत. ब्रशनं घासू नयेत, आणि जुळतात का हे पाहायला एकमेकांवर तर मुळीच टेकवू नयेत, कारण तेवढ्यानंही त्या रेषा पुसल्या जातात.

आणि वाचकहो, कॅप जराशी हलतेय असं वाटलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. सैल झालेला स्क्रू बदलता येतो. आत तुटलेला निघालाच नाही, तर कधी कधी अख्खा इम्प्लांट हाड कोरून काढावा लागतो.

— एक निवृत्त धातुपरीक्षक, चिंचवड