भाडे मोजताना डिपॉझिटही मोजा

महोदय,

परवडणारी घरे आणि घरभाडे हा विषय अर्थशास्त्राचे व समाजकार्याचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हमखास घेतात. सांगली-मिरज-कुपवाडसाठी असा अभ्यास व्हायलाच हवा. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या ५० शहरांच्या निर्देशांकात सांगली नाही, शिवाय तो घरांच्या किमतींचा आहे, भाड्याचा नव्हे. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांनी हे काम हाती घेतलेच, तर मोजणीतल्या काही चुका आधीच टाळाव्यात.

पहिली चूक जाहिरातींवर विसंबण्याची. जाहिरातीत घरमालकाने मागितलेली रक्कम असते, प्रत्यक्षात ठरलेली नव्हे. दुसरा सोपा मार्ग म्हणजे नोंदणी झालेले लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते घर वापरायला देण्याचे करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, ११ महिन्यांचा असला तरी. जबाबदारी घरमालकाची, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही असंख्य करार नुसत्या स्टँप पेपरवर नोटरी करून उरकतात. घरपट्टी वाढेल ही धास्ती त्यामागे असते. नोंदणी होते ती मुख्यतः एचआरए (घरभाडे भत्ता) घेणाऱ्या नोकरदारांच्या करारांची. त्यामुळे केवळ हे दस्त पाहिले तर विश्रामबागेतले फ्लॅट दिसतील. कुपवाड एमआयडीसीतल्या कामगारांच्या गुंठेवारीतील (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरील) खोल्या आणि विद्यार्थ्यांचे कॉट बेसिस, म्हणजे खाटेपुरते भाडे, दिसणारच नाही. तिथे दारोदार जाण्यावाचून इलाज नाही.

डिपॉझिट तर बहुतेक तक्त्यांत नसतेच. समजा, एका घराचे भाडे ६,००० आणि डिपॉझिट ३०,००० आहे. दुसऱ्याचे भाडे ५,५०० आणि डिपॉझिट एक लाख. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर मुद्रांक शुल्कासाठी वार्षिक १० टक्के व्याज धरतात, तोच दर लावून पाहा. पहिल्या घराचा महिन्याचा खरा भार ६,२५० रुपये, दुसऱ्याचा सुमारे ६,३३३. स्वस्त वाटणारे घर महाग निघते! त्यात मेन्टेनन्स, पाण्याचे पैसे आणि सबमीटरवर घरमालकाने ठरवलेला युनिटचा दर वेगळ्या रकान्यात लिहावा. बारा हजार कमावणाऱ्याला उत्पन्नाच्या ३० टक्के म्हणजे ३,६०० रुपये परवडतात असे धरले, तर ३,५०० ची खोली कागदावर बसते आणि लाइट बिल मिळवताच बाहेर जाते.

कल बघायचा तर दर वेळी नवी घरे घेऊन चालणार नाही. यंदा नव्या अपार्टमेंट जास्त सापडल्या की सरासरी चढते, भले एकाही जुन्या घराचे भाडे वाढलेले नसो. तीच घरे दर सहा महिन्यांनी पाहावीत. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाच्या मालिकेत शहरी घरभाडे असेच, सहा महिन्यांच्या अंतराने घेतले जाई. भाडेकरू बदलला का, हेही नोंदवावे, कारण वाढ बहुधा नव्या भाडेकरूच्या वेळी होते. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे भाडी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यावा. वन आरके, वन बीएचके आणि खोली एकाच आकड्यात मिसळू नयेत.

सांगलीपुरती एक नोंद मात्र अत्यावश्यक आहे: मजला आणि पुराचे पाणी. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये शहरात पुन्हा शिरले. गावभागातल्या तळमजल्याचे कमी भाडे 'परवडणारे' म्हणून नोंदवले, तर दर पुरात सामान हलवण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च हिशेबाबाहेर राहतो. म्हणून प्रत्येक घरासमोर '२०१९ मध्ये पाणी किती फूट आले' हा रकाना हवाच.

माहिती देणाऱ्यांची नावे व घर क्रमांक वगळून हा तक्ता महापालिकेला आणि वाचकांना खुला करावा. 'प्रधानमंत्री आवास योजना – शहरी २.०' मध्ये भाड्याच्या घरांचाही घटक आहे. कुपवाडला किती खोल्या लागतील आणि किती भाड्याने, हे त्यातूनच सांगता येईल.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली