फर्ममधून निवृत्त होताना

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मी आता फर्ममधून मोकळा झालो, सगळं काका आणि त्यांचा मुलगा बघतात." पण लेखी काहीच झालेलं नाही हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय.

कायद्याने तुम्ही अजून भागीदारच आहात. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मचा प्रतिनिधी मानला जातो. काकांनी धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात उधारीवर माल उचलला, तर ते देणं तुमचंही. कलम २५ नुसार ही जबाबदारी सगळ्यांची मिळून आहे आणि प्रत्येकाची स्वतंत्रही. करारात तुमचा हिस्सा कितीही लिहिलेला असो, ज्याचे पैसे अडकलेत तो सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकतो. मग तुम्ही ती काकांकडून वसूल करत बसायची. फर्मच्या मालमत्तेतून भागलं नाही तर राहतं घर आणि ठेवीही त्यात येतात. याचीच मला धास्ती वाटते.

निवृत्त होणं अवघड नाही. सगळ्यांच्या संमतीने किंवा करारात लिहिलं असेल त्या पद्धतीने होता येतं. भागीदारीची मुदत ठरलेली नसेल आणि ती मर्जीवर चालणारी असेल, तर इतरांना लेखी नोटीस दिली तरी पुरते. पण जाहीर नोटीस निघेपर्यंत बाहेरच्या लोकांच्या लेखी तुम्ही भागीदारच राहता. आपली फर्म नोंदणीकृत आहे, म्हणजे रजिस्ट्रार ऑफ फर्म्सना कळवायचं, शासकीय राजपत्रात छापायचं आणि जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायचं. व्हॉट्सॲपवर व्यापाऱ्यांना कळवलंत ते चांगलंच, पण ती जाहीर नोटीस नव्हे.

आणि नोटिशीने पुढचं थांबतं, मागचं नाही. निवृत्तीआधीच्या देण्यातून सुटायचं तर तो घेणेकरी आणि राहिलेले भागीदार, दोघांनीही तसं मान्य करायला हवं. बँकेच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायच्या कर्जाला, तुम्ही वैयक्तिक जामीन आहात, तो तर वेगळाच करार. बँकेकडून जामीनमुक्तीचं पत्र हातात आल्याशिवाय ते प्रकरण मिटलं असं समजू नका.

आई, तुझं नाव 'नावापुरतं' घातलंय असं तू म्हणतेस. कायद्यात असा भागीदार नसतो गं. धंद्यात लक्ष घातलं नाही तरी जबाबदारी तेवढीच. अशा, कामात भाग न घेणाऱ्या 'स्लीपिंग पार्टनर'ला एक सवलत आहे: तू भागीदार आहेस हे ज्याला ठाऊकच नव्हतं, तो तुझ्या निवृत्तीनंतरच्या व्यवहारासाठी तुला धरू शकत नाही, नोटीस निघाली नसली तरी. पण बँकेच्या कागदांवर तुझ्या सह्या आहेत, त्यामुळे तिथे ती कामाची नाही. बाबांसोबत तूही निवृत्त हो.

काकांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही अडलात, हे मला कळतं. पण तुम्ही भागीदार आहात तोवर तुमच्या सहीने तेही बांधलेले आहेत, म्हणजे हा कागद त्यांच्याही हिताचा. शिवाय खरा हिशेब आणि पूर्ण माहिती देणं हे भागीदारांचं कर्तव्यच आहे, कलम ९ तेच सांगतं. हिशेब मागितला म्हणजे अविश्वास दाखवला असं काकाही मानणार नाहीत. भांडवल, गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत), काय ठरेल ते निवृत्तीपत्रात आकड्यानिशी लिहून घ्या. हिशेब न मिटवता त्यांनी धंदा पुढे चालवला, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तुमच्या अडकलेल्या रकमेवर नफ्यातला वाटा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज, यातलं एक निवडायचा हक्क तुम्हाला आहे.

मूळ भागीदारी कराराच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, मागे जोडलेल्या दुरुस्त्यांसकट. मी वकिलांना दाखवून निवृत्तीपत्राचा मसुदा करून घेते. तोवर बँकेतून नूतनीकरणाचे कागद आले तर आईने आणि तुम्ही सही करू नका, आधी मला फोन करा.

तुमची,
लेक