मोजणारी माणसे बातमीत यावीत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मानसिक आरोग्यावरच्या संशोधनाची बातमी छापून येते तेव्हा तीत प्रमुख संशोधकाचे नाव असते, संस्थेचे नाव असते आणि एक टक्केवारी असते. ती टक्केवारी ज्यांच्या हातून तयार होते ते मुलाखतकार, मूल्यमापक, पाठपुरावा करणारे कार्यकर्ते आणि माहिती-व्यवस्थापक मात्र कुठेच दिसत नाहीत. रक्तातली साखर यंत्र मोजते. नैराश्य माणूस मोजतो. त्या माणसाला कसे शिकवले, त्याच्यावर किती कामे लादली आणि त्याला पैसे कशाचे दिले, यावर निष्कर्षाचा खरेखोटेपणा ठरतो. म्हणून वाचकांना त्याची माहिती असायला हवी, असे आम्हाला कळकळीने वाटते.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी, २००१ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले की पुढची तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. कागदावर हे पाच-दहा मिनिटांचे काम दिसते. प्रत्यक्षात समोरचा माणूस ‘अजिबात नाही’, ‘काही दिवस’, ‘निम्म्याहून जास्त दिवस’, ‘जवळजवळ रोज’ या चार पर्यायांत बोलत नाही. तो म्हणतो, ‘होतं कधीकधी.’ अशा वेळी स्वतःच्या अंदाजाने १ लिहून पुढे जाणे सर्वात सोपे, आणि सर्वात घातक. चौदा दिवसांतले साधारण किती, हे शांतपणे विचारून घ्यावे लागते. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा असतो. ‘उदास वगैरे वाटत नाही ना?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येणारच. घरातले कोणी शेजारी बसले असेल तर झोप आणि भूक यांबद्दलची उत्तरे मिळतात, निराशेबद्दलची मिळत नाहीत. मग मुलाखत थांबवून वेगळी जागा किंवा वेगळी वेळ ठरवणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्यात अख्खी फेरी वाया जाते. चांगला मुलाखतकार ती वाया घालवतो.

औषधांच्या चाचण्यांत नैराश्याची तीव्रता मोजणारी हॅमिल्टन यांची १९६० सालची मोजपट्टी अजून चालते. तिच्या १७ बाबींचे एकूण गुण ५२ पर्यंत जातात, आणि ते रुग्ण देत नाही, मुलाखत घेणारा देतो. त्यामुळे एकाच मुलाखतीचे ध्वनिचित्रमुद्रण अनेक मूल्यमापकांना दाखवून प्रत्येकाकडून स्वतंत्र गुण घेतले जातात आणि तफावतीवर चर्चा होते. हे सुरुवातीला एकदा करून भागत नाही. काही महिन्यांत प्रत्येकाची पट्टी हळूहळू सैल किंवा कडक होत जाते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा जुळवणी लागते. निदानाबाबत ‘दोघांचे मत ९० टक्के जुळले’ असे वाचले तर लगेच भुलू नये. शंभर जणांपैकी दहांनाच आजार असेल आणि एकाने डोळे झाकून सगळ्यांपुढे ‘आजार नाही’ लिहिले, तरी ९० टक्के जुळतेच. योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारे ‘कापा’ हे माप अशा ठिकाणी शून्य दाखवते. खरे तर छापायला हवे ते कापा.

याहून छुपी चूक सहभागींच्या भरतीच्या वेळी होते. अभ्यासात घेण्यासाठी अमुक इतके गुण हवेत, अशी अट असते. भरती मागे पडलेली असते, वरून विचारणा होत असते आणि समोरच्या व्यक्तीला एक गुण कमी पडत असतो. कुणी लबाडी करायचे ठरवत नाही. पण संशयाचा फायदा नेहमी वरच्या गुणाला जातो. पुढच्या भेटीत हे फुगवलेले गुण आपोआप खाली येतात, औषध घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे असे दोन्ही गट ‘सुधारतात’, आणि उपयोगी औषधही निरुपयोगी ठरू शकते. उपाय माहीत आहे: गुण देणाऱ्याला प्रवेशाची अट सांगू नये आणि भरतीचे लक्ष्य त्याच्या गळ्यात बांधू नये. दोन्ही गोष्टींना जास्त माणसे लागतात.

कोणाला कोणता उपचार मिळाला हे मूल्यमापकाला कळता कामा नये. समुपदेशनाच्या अभ्यासात हे फार सहज फुटते. ‘त्या ताईंनी शिकवलं तसं करते’ एवढे एक वाक्य पुरते. म्हणून कोणता उपचार मिळाला ते सांगू नका, अशी विनंती भेटीच्या सुरुवातीलाच करायची, तरीही उलगडा झाला तर तशी नोंद करायची आणि पुढची भेट दुसऱ्याकडे द्यायची.

पाठपुराव्याचे काम तर कोणाच्याच लेखी संशोधन नसते. समजा, शंभर जणांवर उपचार सुरू झाले, सहा महिन्यांनी सत्तर भेटले आणि त्यातले बेचाळीस बरे झाले. बातमीत ‘६० टक्के बरे’ असे येईल. न भेटलेल्या तिसांपैकी कोणीच बरे नसेल तर खरा आकडा ४२ आहे. आणि ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, तेच बहुधा भेटीला येत नाहीत. त्यांना गाठण्यासाठी सुरुवातीलाच, त्यांच्या परवानगीने, आणखी दोन संपर्क घ्यावे लागतात. निरनिराळ्या वेळी फोन करावे लागतात, आणि फोन दुसऱ्याने उचलला तर अभ्यासाचा विषय तोंडातून निघू द्यायचा नसतो. झिम्बाब्वेतील हरारे शहरातल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ चाचणीचे खूप कौतुक झाले. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून समस्या सोडवायला मदत करणाऱ्या आज्या सर्वांच्या लक्षात राहिल्या, आणि ते योग्यच आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २४ दवाखान्यांतील ५७३ जण होते आणि सहा महिन्यांनी त्यांपैकी ५२१ जणांची माहिती मिळाली. हे ५२१ ज्यांनी गाठले, त्यांच्यामुळे तो निष्कर्ष उभा आहे.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारल्याने असे विचार मनात भरतात, ही भीती निराधार आहे. गाळण्यात मात्र धोका आहे. तिथे १ गुण आला तरी एकूण बेरजेची वाट पाहायची नाही. विचार कितपत ठोस आहे, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, हे विचारायचे. धोका दिसला तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता त्या दिवशीच्या जबाबदार डॉक्टरांना तिथूनच फोन लावायचा, काय ठरले ते लिहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी करायची. अशा प्रसंगी गोपनीयतेला मर्यादा येईल, हे संमती घेतानाच सांगितलेले असले पाहिजे. अनेक योजना कोलमडतात त्या साध्या कारणाने: आराखड्यात डॉक्टरांचा क्रमांक असतो, पण संध्याकाळी सहानंतर तो उचलायला कोणी नसते. मग पदवी घेऊन नुकतीच कामाला लागलेली मुलगी एका अनोळखी माणसाच्या जिवाची जबाबदारी एकटी पेलत बसते.

याच मुलाखतकारांना पुष्कळदा भरलेल्या अर्जामागे पैसे दिले जातात. ही पद्धत बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्जामागे पैसे म्हणजे घाईला बक्षीस. एका मागोमाग एक सारखीच उत्तरे, पाऊण तासाची मुलाखत बारा मिनिटांत संपल्याची नोंद, ही त्याची लक्षणे माहिती-व्यवस्थापकाला आधी दिसतात. काही मुलाखतींची फोनवर फेरतपासणी केली की प्रकार उघड होतो. पण तोवर महिन्याभराची माहिती टाकून द्यावी लागते. ठरलेला मासिक पगार, दिवसाच्या मुलाखतींना मर्यादा, आणि आठवड्यातून एकदा अनुभवी व्यक्तीसमोर ऐकलेले मोकळे करण्याची जागा, एवढे मिळाले तर माणसे टिकतात. दर चार महिन्यांनी मुलाखतकार बदलला तर प्रशिक्षण आणि जुळवणी पुन्हा शून्यापासून करावी लागते.

आजारातून गेलेल्या व्यक्तींना प्रश्नावली ठरवण्याच्या टप्प्यावरच बोलवावे आणि त्या वेळेचे मानधन द्यावे. गोळीने वजन वाढले, लैंगिक इच्छा गेली, दिवसभर गुंगी राहिली, हे त्यांच्यासाठी उपचार सोडण्याचे कारण असते आणि नेमके तेच विचारायचे राहून जाते. छापून झालेल्या प्रश्नावलीवर त्यांची सही घेण्यात काही अर्थ नाही.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की अशी बातमी देताना आणखी थोडे विचारावे. मुलाखती कोणी घेतल्या आणि त्यांना गट माहीत होता का? सुरुवातीला किती जण होते आणि शेवटी किती उरले? नवव्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी काय केले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधनिबंधाच्या पद्धतींच्या भागात आणि सहभागींच्या संख्येचा प्रवास दाखवणाऱ्या आकृतीत सापडतात. तिसऱ्याचे बहुधा संशोधकालाच विचारावे लागेल. निधी देणाऱ्या संस्थांनीही पाठपुरावा, देखरेख आणि संध्याकाळनंतर उपलब्ध असणारे डॉक्टर यांच्यासाठी निधीच्या अर्जातच स्वतंत्र रकाने ठेवावेत. हा खर्च ‘इतर’मध्ये ढकलला की काटछाटीत सर्वात आधी तोच जातो.

आपले विश्वासू,
मानसिक आरोग्य संशोधनातील मुलाखतकार व माहिती-व्यवस्थापक