मागच्या गॅलरीचं दार

पुणे, १४ डिसेंबर

प्रिय शुभा,

आधी कबुली देते, मग बाकीचं. ऑक्टोबरात तू फोनवर विचारलंस, "काय चाललंय?" आणि मी म्हटलं, "काही नाही गं, नेहमीचंच." ते खरं नव्हतं. दादांचं घर मी विकायला काढलंय. जूनमध्येच काढलं.

सहा महिने तुला सांगितलं नाही, कारण २००९ मी विसरलेले नाही. तात्यांचं घर विकून झाल्यावर तू पेढे घेऊन आलीस आणि मी पेढा हातात धरून तशीच उभी राहिले. आठ महिने तुझ्याशी बोलले नाही. भिंतीला भिंत लागून असलेलं घर, निदान एका शब्दानं सांगायचंस तरी, हेच माझं म्हणणं होतं. तू म्हणाली होतीस, "तुला सांगितलं असतं तर माझ्यानं विकलं गेलं नसतं." तेव्हा मला ते निव्वळ बहाणा वाटलं. शुभे, आज त्यातलं अक्षर न् अक्षर पटतंय. माझ्यावर रुसायचं असेल तर रूस, पण आठ महिने नको, आता तेवढा वेळ कुणाला आहे?

माझी शुगर बरी आहे. अविनाशची पाठ तशीच.

घर का विकतेय ते तुला सांगायला नको. आई गेल्यापासून कुलूपच आहे. श्रीकांतला इंदूरहून येणं होत नाही, त्यानं मला कुलमुखत्यारपत्र करून दिलंय. त्याच्या धाकट्याच्या शिक्षणाला पैसे हवेत आणि निम्मा वाटा त्याचाच आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती एजंटबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही, तू लगेच ओळखशील. आपल्याच ओळखीतला, चांगल्या घरातला मुलगा. पहिल्या दिवशी पाया पडला. "काकू, टेन्शन घेऊ नका, तुमचं घर म्हणजे माझं घर." घर बघून म्हणाला, एक कोटी पस्तीस लाख कुठे गेले नाहीत. बाकीचे दोघे एक कोटीच्या आसपास सांगत होते. मी त्याच्याकडे दिलं. एक कोटी पस्तीस ऐकायला बरं वाटलं हे खरं आहे, आणि दादांच्या घराची कुणीतरी किंमत केली असंही वाटलं. १० जूनला कागदावर सही केली: सहा महिने दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही, दलाली दोन टक्के. खाली बारीक अक्षरात होतं की या मुदतीत मी स्वतः गिऱ्हाईक आणलं तरी दलाली त्यालाच. तेही वाचलं होतं, पण घरच्या मुलाशी काय घासाघीस करायची, असं वाटून गेलं.

आषाढ लागला. म्हणाला, "काकू, आषाढात घर कोण बघतं?" मग गणपती आले, रस्ते बंद. मग पितृपक्ष. मग म्हणाला, दसरा-दिवाळीला बघा कशी गर्दी होते. दिवाळीत सगळे गावाला गेलेले. आणि आता धनुर्मास येतोय, संक्रांतीनंतर बघू! शुभे, आपल्या पंचांगात घर विकायला एकही महिना नसेल तर हे पुणं एवढं वाढलं कसं?

मध्ये माझ्या लेकीनं मला त्यानं टाकलेली जाहिरात दाखवली. दुसऱ्या मजल्याचा तिसरा केला होता आणि खाली 'लिफ्ट नाही'. हॉलचा फोटो खिडक्या बंद ठेवून काढलेला, अंधारकोठडी वाटावी असा. दुसऱ्या फोटोत न्हाणीघराच्या आरशात तो स्वतः, हातात मोबाइल. नळ स्टॉपचं मेट्रो स्टेशन सात मिनिटांवर आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. मी फोन केला, तर "आज बदलतो" म्हणाला. महिन्याभरानं बघितलं तर आरशात तो तसाच.

एकच खरी पार्टी आली, ऑगस्टमध्ये. तरुण जोडपं, ती शाळेत शिकवते. त्या वेळी मीही तिथे होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून तिनं हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "ऊन किती छान येतं रे." मला तेवढंच हवं होतं. त्यांच्या बँकेनं इमारतीचं भोगवटा पत्र, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा दाखला, मागितलं. १९७८ ची इमारत, बँका आधीच का-कू करतात. ह्यानं तीन आठवडे "काढतोय, काढतोय" म्हणून घालवले. शेवटी मी सेक्रेटरींकडे गेले आणि दहा मिनिटांत सोसायटीच्या फायलीतून प्रत मिळाली. तोवर त्यांनी वारज्यात घर घेतलं होतं. तिला नंतर मी फोन केला तेव्हा कळलं, ह्यानं त्यांना सांगितलं होतं की सोसायटी हस्तांतराचे लाखभर रुपये घेते. सरकारचं २००१ चं परिपत्रक आहे, पंचवीस हजारांच्या वर सोसायटीला घेताच येत नाही. एवढं ज्याला माहीत नाही, किंवा माहीत असून जो उलटं सांगतो, त्याच्या हातात मी दादांची किल्ली दिली होती. आणि ते घर एकट्या तिच्या नावावर घेतलं असतं तर मुद्रांक शुल्क सातऐवजी सहा टक्के पडलं असतं, म्हणजे लाखभर वाचले असते, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं. ती मुलगी अजून मनातून जात नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

दिवाळीनंतर तो दर रविवारी रात्री फोन करायला लागला. "काकू, आज चार पार्ट्या आल्या." "काकू, आज तीन." मी विचारायची, काय म्हणाले? लोकांना आवडतंय, पण भाव जास्त वाटतोय, थोडं खाली या. एक कोटी पस्तीसचं एक वीस केलं, मग एक दहा. मग म्हणाला, एक इन्व्हेस्टर आहे, ब्याण्णव लाख रोख तयार, आठ दिवसांत व्यवहार. मी रविवारी कुठे जाईनाशी झाले. इथे खुर्चीत बसून मनातल्या मनात ती माणसं आपल्या घरात फिरवायची. आता हॉलमध्ये असतील. आता मागच्या गॅलरीत उभी असतील आणि बुचाच्या झाडाकडे बघत असतील. ह्या दिवसांत वास किती येतो ते तुला माहीत आहे.

३० नोव्हेंबरला पुन्हा फोन. "काकू, आज पाच पार्ट्या. मागची गॅलरी तर सगळ्यांना फार आवडली, झाड बघून खूश झाले."

मी सहज विचारलं, "दार उघडायला त्रास झाला का रे?"

"छे हो, एकदम मस्त उघडतं."

शुभे, ते दार! कडी वर उचलून धरायची आणि खाली डाव्या कोपऱ्यात गुडघा मारायचा, तोही दोनदा, तेव्हा कुठे ते हलतं. दादांनी दोनदा रंधा मारून घेतला तरी प्रत्येक पावसाळ्यात ते फुगायचंच. आईला शेवटपर्यंत जमलं नाही, ती तुला हाक मारायची. आता हे माहीत असलेली माणसं जगात दोनच उरली, तू आणि मी. श्रीकांतसुद्धा खांद्यानं ढकलायचा.

रात्रभर झोप लागली नाही. सोमवारी सकाळी पहिल्या रिक्षानं गेले. १ जुलैला पाऊस आत येतो म्हणून मी त्या दाराच्या फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबली होती. ती जशीच्या तशी होती. ओली होऊन वाळलेली, पिवळी, उंबऱ्याला चिकटलेली. काढली तर उंबऱ्याची खाच तिच्यावर उमटलेली, आणि वर तारीख स्पष्ट वाचता येत होती. मग कडी उचलली, गुडघा मारला, दोनदा. दार उघडलं. गॅलरीभर बुचाची फुलं पडली होती, तळाची तपकिरी, वरची अजून पांढरी. एकावरही कुणाचा पाय पडलेला नव्हता.

तिथेच उंबऱ्यावर बसले आणि खूप रडले. भाव कमी आला असता तर मी सोसलं असतं. घर कुणाला आवडलं नसतं तरी सोसलं असतं. पण कुणी आलंच नव्हतं गं. मी इतके रविवार ज्या माणसांना घर दाखवत बसले होते ती नव्हतीच.

मग मात्र हातपाय हलवले. लेकीनं मला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन, म्हणजे कुठलं घर केवढ्याला गेलं त्याची सरकारी नोंद, कशी शोधायची ते शिकवलं. फुकट दिसते, फक्त ती वाकडी अक्षरं ओळखून भरताना डोळे दुखतात. आपल्याच भागातली, आपल्याएवढीच, अशाच जुन्या इमारतींतली दोन घरं गेल्या वर्षात गेलीत. एक कोटी चार आणि एक कोटी नऊ. म्हणजे पस्तीसही खोटं आणि ब्याण्णवही खोटं. पस्तीस घर हातात यावं म्हणून, आणि ब्याण्णव मी थकले म्हणून. सेक्रेटरींनी आणखी एक सांगितलं. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झालीत, पुढच्या सभेत ठराव येईल. आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, एकट्या माणसाला अडवता येत नाही. हे त्या एजंटला सप्टेंबरपासून माहीत होतं, सेक्रेटरींनी स्वतःच त्याला सांगितलं होतं. मला तो बोलला नाही. त्या इन्व्हेस्टरला सांगितलं असेल का, ते तूच ठरव.

वकीलमामांना कागद दाखवला. मी महारेराकडे, म्हणजे बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, तक्रार करायची म्हणत होते. ते म्हणाले, एजंटांची ती नोंदणी रेराखाली नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी असते, आपल्या जुन्या घराच्या व्यवहाराला ती लागत नाही, उगाच हेलपाटे घालू नकोस. कागदाची मुदत ९ डिसेंबरला संपतेय, ती वाढवू नको आणि तसं लेखी कळव. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यानं आणलेल्या प्रत्येक पार्टीचं नाव आणि तारीख त्याच्याकडून लेखी माग. नाहीतर उद्या कुणीही घर घेतलं तरी 'ही माझीच पार्टी' म्हणून तो दोन टक्क्यांसाठी दारात उभा राहील. मला हे सुचलंच नसतं.

तसं लेखी पत्र पाठवलं आणि १० तारखेला त्याला टिळक रोडवरच्या अमृततुल्यात बोलावलं. आल्या आल्या "काकू, तुमचा गैरसमज झालाय." मी काही बोलले नाही. पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढून त्याच्या कपाजवळ ठेवली. म्हटलं, "ही मागच्या गॅलरीच्या दारातली. तारीख बघ." त्यानं बघितली. चहा संपेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाला, "किल्ली उद्या पाठवतो." दुसऱ्या दिवशी खरंच पाठवली. वर एक कागद, त्यावर एकच नाव: ऑगस्टमधलं जोडपं.

तिथे मी ओरडले नाही, आणि का नाही ओरडले ह्याचा अजून राग येतो. तू असतीस तर अख्खं अमृततुल्य गोळा झालं असतं. पाण्याच्या टाकीवरून तात्या आणि दादांचं भांडण झालं तेव्हा दोन घरांत सगळ्यात मोठा आवाज तुझा होता, आणि तू तेव्हा चौथीत होतीस.

आता घर मीच दाखवते. खिडक्या उघडून, दुपारी चारला, ऊन ओट्यावर येतं तेव्हा, लेकीनं नवे फोटो काढले. भोगवटा पत्र, १९७८ चा करार, भाग दाखला, टॅक्सची पावती, वारसांचे कागद, सगळं एका फायलीत लावलं. भाव एक कोटी आठ ठेवलाय. पुनर्विकासाचं जे ठरतंय ते येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगणार. येत्या रविवारी, २१ ला, दोन कुटुंबं येतायत, त्यातलं एक वरच्या काकूंच्या भाचीचं.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी एकदाच फोन केला, मनाला लागून राहिलंय. जिना चढता येतो का आता? मृण्मयीचं बंगळूरचं पक्कं झालं का? भाऊजींना नमस्कार. लोणचं पोचलं, छान मुरलंय.

रविवारी तू असावीस असं फार वाटतंय. कोयना एक्सप्रेसनं शनिवारी निघालीस तर संध्याकाळी इथे पोचशील, मी स्टेशनवर येते. दोन मजले सावकाश चढू, मध्ये तात्यांच्या जिन्यावरच्या जागेवर बसू.

आणि एक. लोकांना दाखवायचं म्हणजे ते दार नीट उघडायला हवं, असं सगळे म्हणतात. सुतार म्हणाला, खालून बोटभर तासलं की लहान मूलसुद्धा उघडेल. मी त्याला शनिवारी सकाळी दहाला बोलावलंय. मला अजून ठरवता येत नाही. हे स्पीड पोस्टनं टाकतेय, बुधवारपर्यंत मिळेल. शुक्रवारी रात्रीपर्यंत मला फोन कर आणि सांग, तासू की राहू दे.

तुझी,
मंजू